गुन्हे-अन्वेषणाच्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी

एखाद्या तालुक्याच्या गावी रात्री घरफोडी होऊन घरातील वृद्ध मालकाचा खून झाला आणि तशी फिर्याद पहाटे पोलीस ठाण्यात दाखल झाली, म्हणजे त्या क्षणापासून सत्र न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत त्या एका प्रकरणाला किती निरनिराळ्या विद्यांच्या माणसांचे हात लागतात, याची कल्पना सामान्य नागरिकाला सहसा नसते. ठाणे अंमलदार फिर्यादीचा जबाब नोंदवून घेतो. तपासी अंमलदार दोन पंचांना बोलावून घटनास्थळाचा पंचनामा करतो. अंगुलीमुद्रा केंद्राचा तज्ज्ञ कपाटाच्या काचेवरील ठसे उचलतो. सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण लिहून देतो. प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषक रक्ताच्या डागांची परीक्षा करतो. सायबर शाखेतील कोणी त्या रात्रीच्या मोबाईल-नोंदी चाळीत बसतो. जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेतला जुना हवालदार तशाच पद्धतीने झालेल्या मागील घरफोड्या दप्तरातून काढून पुढे ठेवतो. आणि शेवटी सरकारी अभियोक्ता या सर्वांच्या कामाची सांगड घालून ते न्यायासनापुढे मांडतो. म्हणून ‘मला क्राइम ब्रँचला जायचे आहे’ असे सांगणाऱ्या तरुणाने किंवा तरुणीने प्रथम हे ठरविले पाहिजे, की या मालिकेतील कोणत्या माणसाचे काम आपल्या प्रकृतीला मानवेल. कारण प्रत्येकाचा मार्ग निराळा, परीक्षा निराळी आणि आयुष्यभराची दिनचर्याही निराळी आहे.

आमच्या पिढ्यानुपिढ्यांच्या मनात गुप्तहेराची जी मूर्ती ठसली आहे, ती बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी घडविली, आणि पुढे दूरदर्शनवरील मालिकांनी तिला नवे कपडे चढविले. त्या मूर्तीत वेषांतर आहे, पाठलाग आहे, एका नजरेत गुन्हेगार ओळखण्याची सिद्धी आहे. परंतु तिच्यात नोंदवही नाही. प्रत्यक्षात या विद्येचा पाया नोंदींवर आणि त्या नोंदींच्या वर्गीकरणावरच घातला गेला, आणि तो घालण्यात दोन भारतीयांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. कलकत्त्यास १८९७ साली जे अंगुलीमुद्रा केंद्र स्थापन झाले, ते जगातील पहिले म्हणून ओळखले जाते. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली तेथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन उपनिरीक्षक काम करीत. ठसे घेणे अवघड नव्हते; हजारो ठशांच्या ढिगातून हवा तो ठसा काही मिनिटांत शोधून काढणे अवघड होते. हक यांनी दहा बोटांच्या रेषाकृतींना अंक देऊन अशी गणिती रचना केली, की सारा संग्रह १०२४ कप्प्यांत विभागला जाऊन प्रत्येक माणसाच्या ठशांचा कप्पा आपोआप निश्चित व्हावा. ही पद्धती हेन्री यांच्या नावाने लंडनला आणि तेथून जगभर गेली. हक व बोस यांना पुढे पदव्या आणि बक्षिसाच्या रकमा मिळाल्या, पण पद्धतीवर त्यांचे नाव आले नाही. या दोघांनी पाठलाग करून किती चोर पकडले हे कोणी विचारीत नाही. त्यांनी लावलेल्या क्रमामुळे मात्र असंख्य चोर ओळखले गेले.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांतून आणि उघड्यावर निजलेल्या गरिबांवर एकामागून एक हल्ले होऊ लागले, तेव्हाचे घ्यावे. चोरी नगण्य, वैर नाही, मारलेल्यांचा एकमेकांशी संबंध नाही. अशा प्रकरणात हेतूवरून माग काढण्याची नेहमीची रीत लंगडी पडते. गुन्हे शाखेची सूत्रे त्या वेळी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. रात्रीची वेळ, बोथट व जड हत्यार, असुरक्षित निवारा ही साम्ये मांडल्यावर दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच हल्ल्यांच्या काळात संशयावरून ताब्यात घेऊन सोडून दिलेल्या एका माणसाची नोंद दप्तरात होती, तिला महत्त्व आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकाने रस्त्यातून जाणाऱ्या एका माणसाला छायाचित्र व वर्णन यांवरून ओळखून हटकले, आणि जुन्या नोंदीतील बोटांच्या ठशांवरून तो रामन राघव असल्याचे निश्चित झाले. फियाल्होंच्या तीक्ष्ण नजरेचे कौतुक झाले आणि ते यथार्थच होते. तथापि ते छायाचित्र आणि ते ठसे ज्या अनामिक कारकुनाने काही वर्षांपूर्वी नीट लावून ठेवले, त्याचाही त्या अटकेत तितकाच भाग आहे असे मी मानतो. या प्रकरणाचा उत्तरार्धही उमेदवाराने वाचावा: सत्र न्यायालयाने दिलेली फाशी, त्यानंतर आरोपीच्या मनोविकाराची तज्ज्ञांकडून झालेली तपासणी आणि अखेर उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप, हा सारा प्रवास मानसोपचार आणि कायदा यांची गाठ कोठे पडते हे दाखवितो.

आता प्रत्यक्ष मार्गांकडे वळू. तपासाचे कायदेशीर अधिकार हाती हवे असतील तर पोलीस दलातच प्रवेश केला पाहिजे, याला दुसरा पर्याय नाही. महाराष्ट्रात त्यासाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लोकसेवा आयोगाच्या गट-ब अराजपत्रित सेवेच्या संयुक्त परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षक होणे. कोणत्याही शाखेची पदवी चालते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी आणि मुलाखत असे टप्पे आहेत. उंचीची अट पुरुषांना १६५ आणि स्त्रियांना १५७ सेंटिमीटर अशी आहे, आणि मुख्य परीक्षेत मराठीला भरघोस गुण आहेत. निवड झालेल्यांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. वयोमर्यादा आणि गुणांची विभागणी शासन वेळोवेळी बदलीत असल्यामुळे शिकवणीवर्गाच्या पत्रकावर विसंबून न राहता आयोगाची मूळ जाहिरात स्वतः वाचण्याची सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. कागद स्वतः वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, ही सवय पुढे तपासातही कामाला येते. राज्यसेवेतून उपअधीक्षक आणि संघ लोकसेवा आयोगामार्फत भारतीय पोलीस सेवा हे वरचे मार्ग आहेत; पण तेथे गेलेला अधिकारी लवकरच तपास करण्यापेक्षा तपासावर देखरेख करू लागतो, हे ज्याला प्रत्यक्ष तपासाची ओढ आहे त्याने ध्यानात ठेवावे. उलट बारावीनंतर शिपाई म्हणून भरती झालेला हुशार मुलगा पाच-सात वर्षांत गुन्हे शोध पथकात जातो आणि हवालदार होईपर्यंत त्याला आपल्या हद्दीतील सराईतांची चालरीत जितकी ठाऊक होते, तितकी क्वचितच एखाद्या वरिष्ठाला असते. या मार्गाला कमी लेखण्याची जी वृत्ती सुशिक्षित घरांत दिसते, ती मला अयोग्य वाटते.

केंद्रीय यंत्रणांची नावे तरुणांच्या ओठांवर असतात, म्हणून त्यांविषयी थोडक्यात सांगतो. १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्वेषण विभागात, म्हणजे सीबीआयमध्ये, उपनिरीक्षकाची थेट भरती कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून होते. सक्तवसुली संचालनालयातील सहायक अंमलबजावणी अधिकारीही त्याच परीक्षेतून येतात. मुंबईवरील हल्ल्यानंतर उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेत बरेचसे अधिकारी निरनिराळ्या पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर जातात. तेव्हा तेथे पोहोचण्याची वाटही बहुधा एखाद्या पोलीस ठाण्यातूनच जाते.

ठाण्यात गेल्यावर पहिल्या दिवसापासून ज्या विद्येची कसोटी लागते, ती पंचनामा लिहिण्याची. शिकवणीवर्गांत हिच्याविषयी चकार शब्द निघत नाही, म्हणून येथे किंचित विस्तार करतो. घटनास्थळाचा पंचनामा हा अशा वाचकासाठी लिहावयाचा असतो, की ज्याने ती जागा कधी पाहिलेली नाही आणि जो ती दोन-चार वर्षांनी न्यायालयात बसून डोळ्यांपुढे आणणार आहे. सुरू केल्याची व संपविल्याची वेळ, जागेची चतुःसीमा, दिशा, दाराची कडी आतून की बाहेरून तुटलेली, कोयंडा कोणत्या बाजूला वाकलेला, रक्ताचे डाग कोणत्या भिंतीवर आणि जमिनीपासून किती उंचीवर, डागांच्या शेपट्या कोणत्या दिशेला, मृताची चप्पल कोठे, हे सारे मोजून लिहावे लागते. ‘घटनास्थळी रक्त दिसून आले’ एवढ्या वाक्यावर समाधान मानणारा अंमलदार उलटतपासणीत उघडा पडतो. रात्रीच्या गुन्ह्यात उजेडाचे साधन कोणते होते, विजेचा खांब घरापासून किती अंतरावर आहे आणि त्यावरचा दिवा त्या रात्री चालू होता काय, ही एक ओळ राहून गेली, तर ‘मी आरोपीला ओळखले’ असे सांगणाऱ्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची सारी साक्ष डळमळते. पंच निवडतानाही दक्षता हवी. प्रत्येक प्रकरणात तीच ती पानटपरीवाली दोन माणसे सह्या करताना दिसली, की सराईत पंच म्हणून न्यायालय त्यांच्याकडे संशयाने पाहते. जो विद्यार्थी आपल्या घराच्या स्वयंपाकघराचे असे वर्णन लिहून, ते घर न पाहिलेल्या मित्राकडून त्यावरून नकाशा काढून घेईल, त्याला आपल्या निरीक्षणात काय काय निसटले हे तत्काळ कळून येईल. हा अभ्यास विनाखर्चाचा आहे आणि मी तो प्रत्येकाला सुचवितो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अमलात आल्यामुळे या कामाची रीत पुष्कळ बदलली आहे. झडती व जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आता बंधनकारक आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६मध्ये असून ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. या एका कलमामुळे विज्ञानाच्या पदवीधरांना या क्षेत्रात जेवढी मागणी येणार आहे तेवढी पूर्वी कधी आली नव्हती. मात्र नव्या कलमांबरोबर जुनी कलमेही शिकून ठेवावीत. त्या तारखेपूर्वी घडलेले गुन्हे दंडसंहितेखालीच चालतात, आणि तसली प्रकरणे न्यायालयांच्या फलकावर अजून दीर्घकाळ राहतील.

प्रयोगशाळेची वाट धरू इच्छिणाऱ्याने अकरावीपासूनच विज्ञान घेतले पाहिजे. महाराष्ट्रात गृह विभागाच्या अधीन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालनालय असून त्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईस कलिना येथे आणि प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती आदी ठिकाणी आहेत. वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक अशी पदे तेथे भरली जातात आणि त्यांसाठी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा न्यायसहायक विज्ञान यांतील पदवी अथवा पदव्युत्तर पदवी लागते. शिक्षणासाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय झाले आणि त्याचा एक परिसर गोव्यात असल्याने कोकण व दक्षिण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तो जवळचा आहे. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाचा विभाग तर १९५९ सालचा आहे. येथे एक सल्ला स्पष्टपणे देतो: केवळ नाव आकर्षक म्हणून कोणत्याही खासगी महाविद्यालयातील ‘फॉरेन्सिक’ पदवीला प्रवेश घेऊ नये. ज्याचे मूळ रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र पक्के आहे, त्याला ही विद्या नंतर शिकता येते आणि नोकरी न मिळाल्यास औषधनिर्मितीपासून अन्नपरीक्षणापर्यंत इतर दारे उघडी राहतात. ज्याला सर्व विषयांचे थोडे थोडे शिकविले गेले, त्याची मात्र कुचंबणा होते.

प्रयोगशाळेत येणारा मुद्देमाल ज्या अवस्थेत येतो, त्यावर अहवालाचे भवितव्य अवलंबून असते, आणि ही गोष्ट तपासी अंमलदार व वैज्ञानिक या दोघांनीही शिकण्यासारखी आहे. रक्ताने भिजलेला सदरा ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठविला तर तो कुजतो आणि त्यातील डीएनए नष्ट होण्याचा संभव असतो. तो सावलीत वाळवून, कागदात गुंडाळून, लाखेचे सील करून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून पाठवावयाचा असतो. विषप्रयोगाचा संशय असता व्हिसेरा साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात. जप्तीच्या दिवसापासून प्रयोगशाळेची पोच मिळेपर्यंत तो माल कोणाच्या ताब्यात होता, मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरात त्याची आवक-जावक लागली आहे काय, सीलाचा नमुना वेगळा पाठविला होता काय, हे प्रश्न बचावाचा वकील विचारतोच. आणि मधल्या दहा दिवसांचा हिशेब लागला नाही, तर विश्लेषण कितीही अचूक असले तरी त्याचे मोल उरत नाही. अंगुलीमुद्रांचे काम पुण्याला मुख्यालय असलेल्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या कक्षेत येते. त्यातील तज्ज्ञांना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. ज्याला एकांतात तासन्‌तास सूक्ष्म भेद न्याहाळण्याची आवड आहे, त्याला हे काम जन्मभर पुरेल.

आता ज्या विषयाविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे त्या गुन्हेविश्लेषणाकडे येतो. एका गुन्ह्याचा छडा लावणे हे अन्वेषण; अनेक गुन्हे एकत्र मांडून त्यांत काळ, स्थळ, पद्धती यांचा काही क्रम आहे काय हे शोधणे हे विश्लेषण. पूर्वी ठाण्याच्या भिंतीवर हद्दीचा नकाशा आणि त्यावर रंगीत टाचण्या असत; आज तोच नकाशा संगणकावर आला आहे आणि २००९ साली मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पामुळे देशातील ठाण्यांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. परंतु साधन बदलले तरी विचार करण्याचे कष्ट वाचत नाहीत, हे एका उदाहरणाने दाखवितो. मे महिन्यात एक कुटुंब शनिवारी सकाळी घराला कुलूप लावून गावी गेले आणि सोमवारी रात्री परतले, तो कडी तुटलेली. फिर्याद सोमवारी रात्री साडेदहाला नोंदली गेली. नवशिका विश्लेषक फिर्यादीची वेळ हीच गुन्ह्याची वेळ समजून तक्ता करतो आणि निष्कर्ष काढतो, की घरफोड्या सोमवारी रात्री होतात, सबब सोमवारी रात्री गस्त वाढवावी. वस्तुतः ती घरफोडी शनिवार सकाळ ते सोमवार रात्र या सुमारे साठ तासांतील कोणत्याही तासाला झालेली असू शकते. जाणता विश्लेषक प्रत्येक फिर्यादीतील ‘कुलूप लावले’ आणि ‘परत आलो’ या दोन वेळा निरनिराळ्या नोंदवितो, मधल्या प्रत्येक तासाला त्या गुन्ह्याचा समान अंश देतो, आणि अशा पन्नास फिर्यादींच्या अंशांची बेरीज केल्यावर ज्या तासांवर भार पडतो ते तास गस्तीसाठी सुचवितो. दोन्ही तक्ते दिसायला सारखेच नेटके. एकाने पोलिसांचे मनुष्यबळ वाया जाते, दुसऱ्याने दिवसाढवळ्या होणाऱ्या घरफोड्या ध्यानात येतात. एक घर फुटल्यावर त्याच आळीतील शेजारच्या घरांना पुढचे काही दिवस अधिक धोका असतो, हेही अनेक देशांतील अभ्यासांतून वारंवार दिसून आलेले आहे, आणि त्याचा उपयोग करून वेळीच सावध करता येते.

आकडे वाचण्याची शिस्तही याच विद्येचा भाग होय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ साली स्थापन झाला. देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल मात्र १९५३ पासून निघत आला आहे. त्यात एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो; बलात्कार करून खून केला असेल तर ती नोंद खुनात जाते आणि बलात्काराच्या संख्येत येत नाही. हा नियम ठाऊक नसलेला लेखक त्या आकड्यांवरून भलतेच सिद्धांत मांडतो. तसेच एखाद्या जिल्ह्यात स्त्रियांवरील अत्याचारांच्या फिर्यादी एका वर्षात वाढल्या, तर तेथे अत्याचार वाढले की ठाण्यात स्त्रियांची फिर्याद आस्थेने घेतली जाऊ लागली, हे केवळ संख्येवरून सांगता येत नाही. फिर्यादी वाढल्या म्हणून अधिकाऱ्याला दोष देण्याची रीत पडली, की अधिकारी फिर्याद टाळू लागतो. आणि त्या टाळाटाळीची झळ गरिबाला लागते, म्हणून या मुद्द्यावर मी इतका आग्रह धरतो.

या विद्येची नोकरी कोठे मिळेल, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटन-अमेरिकेत पोलीस दलात नागरी विश्लेषकाचे स्वतंत्र पद असते. आपल्याकडे हे काम मुख्यत्वे पोलीस अधिकारीच करतात आणि त्यांच्या जोडीला कंत्राटी तत्त्वावर तज्ज्ञ घेतले जातात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पोलीस दलासाठी ‘मार्व्हल’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी नागपूरला स्थापन केली, त्यावरून वारा कोणीकडे वाहतो आहे हे दिसते. तथापि आज अधिक जागा बँका, विमा कंपन्या आणि लेखापरीक्षण संस्था यांच्या फसवणूक-प्रतिबंधक विभागांत आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने याकडे विशेष लक्ष द्यावे. ठेवीदारांना बुडविणाऱ्या पतसंस्था आणि योजना यांच्या तपासात, जेथे १९९९चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो, तेथे आर्थिक गुन्हे शाखेला ताळेबंद वाचणारा माणूस हवा असतो. सनदी लेखापालांच्या संस्थेने न्यायसहायक लेखाशास्त्राचा अभ्यासक्रम यासाठीच ठेवला आहे. सायबर फसवणुकीत तर बळी पडलेल्या माणसाने १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक, कारण ती रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही तासांत पुढे पुढे सरकत जाते आणि तिचा माग काढणाऱ्याला कोणते खाते कोणत्या खात्याला जोडले आहे याचे जाळे कागदावर उभे करावे लागते. त्यातून मिळालेला विद्युत पुरावा न्यायालयात दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र जोडावे लागते; ते विसरल्यामुळे चांगली प्रकरणे अडचणीत आली आहेत.

तयारीसाठी महागडी साधने लागत नाहीत. तक्ते करण्याची संगणकप्रणाली उत्तम यावी, विदासंचातून हवे ते काढण्याची भाषा शिकावी, संख्याशास्त्राचा पाया असावा, आणि क्यूजीआयएससारख्या विनामूल्य प्रणालीवर आपल्या गावाचा नकाशा करून पाहावा. मानवी बाजू समजून घ्यावयाची असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील गुन्हेशास्त्राचा अभ्यास फार मोलाचा आहे. या सर्वांबरोबर आणि काहीसे त्यांच्या आधी, मराठी गद्य स्वच्छ लिहिता आले पाहिजे. महाराष्ट्रातील ठाण्यांत जबाब मराठीत लिहिले जातात आणि साक्षीदाराच्या तोंडचे बोल त्याच्याच शब्दांत उतरवून घेणे ही सोपी गोष्ट नाही. अशिक्षित शेतमजूर बाईच्या जबाबात ‘सदर इसमाने माझ्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला’ असले कचेरीचे वाक्य घातले, की ती साक्षीला उभी राहिल्यावर तिला स्वतःचाच जबाब ओळखू येत नाही.

आणखी एका बाबतीत मन आधीच पक्के करून यावे. आरोपीने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हस्तगत झाली, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरला जातो, आणि त्याची मर्यादा १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या प्रकरणात आखून दिली, ती आजही प्रमाण मानली जाते. अटकेच्या वेळी पाळावयाची पथ्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू यांच्या खटल्यात घालून दिली. संमतीशिवाय नार्को चाचणी करता येत नाही हे २०१० साली सेल्वी प्रकरणात ठरले. मारहाणीने सत्य बाहेर येते, असे छातीठोकपणे सांगणारे लोक या खात्यात आणि खात्याबाहेरही भेटतील. मारहाणीने बाहेर येते ते मार थांबविण्यासाठी सुचलेले उत्तर. त्यावर विसंबून निरपराध माणूस कोठडीत गेला, की खरा गुन्हेगार त्याच गावात मोकळा फिरत राहतो. जो तरुण हे मनापासून मानीत नसेल त्याने दुसरे क्षेत्र निवडावे, असे मी निःसंकोच सांगतो.

खासगी गुप्तहेर संस्थांविषयीही वारंवार विचारणा होते. अशा संस्थांचे नियमन करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे झालेला नाही. २००७ साली संसदेत आलेले विधेयक पुढे मंजूर झाले नाही. खासगी गुप्तहेराला अटकेचा, झडतीचा किंवा कोणाच्या मोबाईल-नोंदी मागविण्याचा अधिकार नाही, आणि त्या पैसे देऊन मिळविणे हा गुन्हा आहे. कंपन्यांसाठी उमेदवारांच्या पूर्वेतिहासाची पडताळणी करणे यांसारखी कायदेशीर कामे तेथे आहेत. परंतु ‘सगळे मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मालकाच्या हाताखाली चार दिवसही राहू नये.

शेवटी, ज्यांची परीक्षा अद्याप दूर आहे त्यांनी महिन्यातून एखादा दिवस आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जावे. काही नाजूक प्रकरणे सोडली तर सुनावणी खुली असते. मागच्या बाकावर शांत बसून खुनाच्या खटल्यात तपासी अंमलदाराची उलटतपासणी ऐकावी, त्याला कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणत्या ठिकाणी त्याला ‘आता आठवत नाही’ म्हणावे लागले ते टिपून घ्यावे. त्या खटल्याचे निकालपत्र पुढे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळते. त्यातील पंचनाम्याविषयीचे, मुद्देमालाविषयीचे आणि संशयाचा फायदा देताना न्यायाधीशांनी लिहिलेले परिच्छेद वहीत उतरवून काढावेत, आणि प्रत्येकापुढे एवढेच लिहावे, की ही उणीव पहिल्या चोवीस तासांत कोणी, काय केले असते तर राहिली नसती.